मरोळच्या तीनशे खाटा

उर्दूत आपण ‘वादा’ म्हणतो, मराठीत ‘वायदा’. मराठीत त्याच शब्दाचा वायदेबाजारही होतो, जिथे माल नजरेस न पडताही सौदा पुरा होतो. उपनगरांतल्या इस्पितळांचा इतिहास चाळताना मला हा बाजारच आठवतो.

1950 मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतचा आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतचा भाग मुंबई महापालिकेत आला. कर इकडून जाऊ लागला. मोठी इस्पितळे मात्र तिकडेच राहिली. केईएम 1926 पासून परळला, नायर मुंबई सेंट्रलला, तिसरे शीवला. घाटकोपरचे राजावाडी, बोरिवलीचे भगवती, जुहूचे कूपर होते, नाही असे नाही. पण दुखणे जरा अवघड झाले की ‘केईएमला न्या’ हेच ऐकायचे. उपनगरात पालिकेचे पहिले वैद्यकीय महाविद्यालय कूपरला सुरू झाले ते 2015 मध्ये. दोन पिढ्या लोकल पकडून परळ गाठण्यात गेल्या.

दरम्यान निवडणुका होत राहिल्या. 2004 मध्ये दिल्लीत आलेल्या संयुक्त पुरोगामी आघाडीने किमान समान कार्यक्रमात लिहून दिले की, पाच वर्षांत सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या 2 ते 3 टक्के करू. दहा वर्षांनी ती सत्तेवरून गेली तेव्हा 2 टक्केही गाठले नव्हते. इकडे महापालिका त्या काळात शिवसेना-भाजपच्या हाती होती. म्हणजे एकाच झेंड्याकडे बोट दाखवून सुटका नाही.

याच काळातली मरोळची गोष्ट पाहा. 20 डिसेंबर 2005 रोजी पालिकेने अंधेरी पूर्वेला मरोळ येथील सुमारे 17 एकर जमिनीवर इस्पितळ उभारण्याचा करार एका खासगी कंपनीशी केला. तेच सेव्हन हिल्स. खाटा 1500, त्यातल्या 20 टक्के पालिकेच्या रुग्णांसाठी. मी मुलांना शेकडेवारी शिकवतो. उत्तर 300 येते. परळला न जाता, घराजवळ, तीनशे खाटा! गरिबाला याहून काय हवे होते?

इमारत झाली, झगमगाटही झाला. पण कंपनीच्या हातून पुऱ्या 1500 खाटा कधी चालल्या नाहीत, आणि गरिबांच्या वाट्याच्या खाटांवरून पालिकेचे नि कंपनीचे वर्षानुवर्षे भांडण चालले. जमीन पहिल्याच दिवशी गेली होती. खाटा मात्र शेवटपर्यंत मोजायच्याच राहिल्या. करार करणाऱ्यांनी हे उलट्या क्रमाने का लिहून घेतले नाही, हे मला आजही कळत नाही. कंपनी कर्जात बुडाली. 2018 मध्ये पालिकेने करार रद्द करण्याची नोटीस दिली, प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेले. तिथे नव्या खासगी मालकाची योजना मंजूरही झाली. नोव्हेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जमीन पालिकेची, तिच्या मंजुरीशिवाय तिच्यावर योजना लादता येणार नाही, असे न्यायालय म्हणाले. तोवर करार होऊन चौदा वर्षे झाली होती.

मग 2020 चा मार्च आला. कोविडच्या रुग्णांसाठी पालिकेने हेच इस्पितळ वापरात घेतले. इतकी वर्षे ज्या खाटांचा हिशेब जुळत नव्हता, तिथे काही आठवड्यांत खाटा लागल्या, डॉक्टर आले, इलाज सुरू झाला. आसपासच्या मोहल्ल्यांतली कितीतरी माणसे त्या फाटकातून पहिल्यांदा आत गेली ती तेव्हा, रुग्णवाहिकेतून. त्याआधी ती त्या इमारतीवरून रोज रिक्षाने जात होती.