मूक यंत्राचा वाचक: भोंगवली येथील एका व्हिडिओ गेमच्या दुरुस्तीच्या निमित्ताने

इतिहासाचे साधन हाती येणे आणि ते वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी होत. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हापासून गावोगावची दप्तरे धुंडाळण्याची परंपरा आपल्याकडे रुजली. परंतु रुमाल सोडला आणि मोडी वाचणारा भेटला नाही, तर दप्तर मुकेच राहते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील घरगुती विद्युत्-यंत्रांच्या बाबतीत हीच अडचण आता निराळ्या रूपाने उभी राहिली आहे. ही साधने अद्याप माळ्यावर आहेत; त्यांचा वाचक मात्र झपाट्याने नाहीसा होत आहे. हा वाचक म्हणजे दुरुस्ती करणारा कारागीर होय. प्रस्तुत निबंधात एका यंत्राच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

भोंगवली हे भोर तालुक्याच्या पूर्व भागातील, पुणे-सातारा रस्त्यापासून फार दूर नसलेले गाव. तेथील एका घरी प्रस्तुत लेखकास दूरचित्रवाणी संचास जोडून खेळावयाचा एक जुना व्हिडिओ गेम पाहावयास मिळाला. सोबत दोन हातयंत्रे व आपल्याकडे ज्यांना सरसकट ‘कॅसेट’ म्हटले जाई ती काही खेळांची पेटुली होती. यंत्र बंद होते. कळ दाबली असता दिवा क्षणभर लागे आणि विझे. घरच्या मंडळींना ते टाकून देववत नव्हते व चालवताही येत नव्हते. ते कोणाकडे न्यावे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. प्रश्न साधा दिसला, तरी त्याच्या उत्तराचा शोध घेताना एका व्यवसायाचा सबंध इतिहास उलगडत गेला.

प्रथम यंत्राची कुळी पाहू. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ बाजारात आणला. १९७५ सालच्या ६५०२ या प्रक्रियकावर आधारलेली आठ-बिटी चकती हा त्याचा मेंदू. पुढे पूर्व आशियात त्याच्या असंख्य नकला निघाल्या आणि १९९०च्या दशकात भारतीय मध्यमवर्गाने ‘व्हिडिओ गेम’ म्हणून जे ओळखले ते बहुतांशी या नकलांपैकीच होते. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध १९९१च्या उदारीकरणानंतरही बराच काळ टिकले. ते २००१ साली पूर्णपणे उठले. अशा काळात मूळ जपानी यंत्र घरोघर पोहोचणे दुरापास्त होते. स्वस्त नकलेस मात्र वाट सापडली.

नक्कल म्हणून हे यंत्र गौण मानण्याचे कारण नाही. जपानी दूरचित्रवाणी पद्धतीत सेकंदास सुमारे ६० क्षेत्रे उमटत. भारतात पाल पद्धतीनुसार ५० उमटत. सबब मूळ यंत्राची केवळ प्रतिकृती काढून भागत नव्हते. तैवानच्या यूएमसी कंपनीने पाल पद्धतीस जुळणाऱ्या चकत्या बनविल्या, आणि यंत्रातील स्फटिकही २१.४८ ऐवजी सुमारे २६.६ मेगाहर्ट्झचा बसविला जाऊ लागला. भोंगवलीचे यंत्र उघडल्यावर स्फटिकावरील आकडा २६.६ असल्याचे दिसले. ते जपानी बाजारासाठी नव्हे, तर पाल पद्धतीच्या देशासाठी तयार झाले, हे त्या एका आकड्यावरून निश्चित झाले. खोक्यावरील भडक चित्रे व कॅसेटवरील फुगविलेले आकडे यांपेक्षा हा पुरावा अधिक विश्वसनीय होय.

आता दुरुस्तीच्या शोधाकडे वळू. किकवी, नसरापूर, भोर आणि नीरेपलीकडील शिरवळ या चार बाजारपेठांत चौकशी केली. जेथे पूर्वी रेडिओ व टीव्ही दुरुस्त होत असे सांगण्यात आले, तेथे आज मोबाईल दुरुस्ती, मोटार भरणे किंवा डिश जोडणे ही कामे चालतात. यंत्र पाहून कोणी हसले नाही; उलट बहुतेकांनी ते ओळखले. पण प्रत्येकाचा सल्ला एकच पडला: पुण्यास तपकीर गल्लीत विचारा. बुधवार पेठेतील ही गल्ली विद्युत् सुट्या भागांसाठी पुण्यात जशी प्रसिद्ध आहे, तसा मुंबईत लॅमिंग्टन रोड. खेड्यातून तालुक्यास आणि तालुक्यातून शहराच्या एका गल्लीकडे, असा हा प्रवास म्हणजे या विद्येच्या आकुंचनाचा नकाशाच म्हणावा लागेल.

हा कारागीर मुळात कोठून आला? त्याची परंपरा रेडिओपासून सुरू होते. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे सिंहगडावरील सहक्षेपण मनोऱ्यामुळे पुण्याच्या परिसरात चित्र दिसू लागले. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आले. प्रत्येक टप्प्यावर रेडिओच्या दुरुस्तीकाराने नवे यंत्र आपलेसे केले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील ‘मेकॅनिक रेडिओ अँड टीव्ही’ या अभ्यासक्रमाने त्यास शास्त्राचा आधार दिला, आणि बाकीचे ज्ञान उस्तादाच्या बाकावर बसून मिळाले. व्हिडिओ गेम त्याच्याकडे आला तो दूरचित्रवाणीचा पाहुणा म्हणून. त्याचे नकाशे कोणी पुरविले नव्हते, तरी त्याचे दोष परिचयाचे होते: अडॅप्टर जळणे, पाच व्होल्ट देणारा ७८०५ नियामक निकामी होणे, कंडेन्सर सुकणे, डाग सुटणे, कॅसेटच्या खाचेतील पितळी दात काळवंडणे. मुले कॅसेटमध्ये फुंकर मारीत. त्या फुंकरीतील ओलाव्याने दात अधिकच गंजत, हेही तो सांगू शकत असे.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात नांगर दुरुस्त करणाऱ्या सुताराची व बैतेकरी कारागिरांची नोंद केली, ती व्यवस्था मोडकळीस येत असताना. टीव्हीचा कारागीर बलुतेदार नव्हता. त्याचा मोबदला रोख होता, त्याची विद्या जातीने बांधलेली नव्हती. तथापि एका बाबतीत साम्य आहे. वस्तू टिकविण्याचे ज्ञान वस्तूच्या जवळपास राहत होते, आणि ते कोणी लिहून ठेवीत नव्हते. आत्र्यांसारखा नोंदकर्ता मात्र या दुसऱ्या कारागिरास अद्याप लाभलेला नाही.

त्याच्या लोपाचे कारण कौशल्याचा ऱ्हास, असे म्हणणे चुकीचे ठरेल. पुढील काळातील स्वस्त यंत्रांत सर्व चकत्या एकाच तुकड्यात एकवटून त्यावर काळ्या राळेचा थेंब टाकला जाऊ लागला. तो थेंब निकामी झाला की पाटी फेकून देण्यावाचून उपाय नाही. दुसरे असे की, नव्या यंत्राची किंमत उतरली आणि दुरुस्तीची मजुरी त्या प्रमाणात उतरू शकली नाही. खुद्द निन्टेन्डोनेही जपानात या यंत्राचे उत्पादन २००३ साली थांबविले व भागांच्या टंचाईमुळे ३१ ऑक्टोबर २००७ पासून दुरुस्तीही बंद केली. मूळ कर्त्याची ही अवस्था, तर नकलेस आधार कोणाचा? भारत सरकारने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली व त्याच वर्षी त्यासाठी पोर्टलही सुरू केले. पण ज्या यंत्राचा उत्पादकच सांगता येत नाही, त्याच्या बाबतीत हा हक्क कोणाकडे मागावयाचा?

येथे असा आक्षेप येईल की, हे खेळ आज संगणकावर अनुकरणाने चालविता येतात. मग जुने खोके जिवंत ठेवण्याचा अट्टाहास कशास? आक्षेप विचारार्ह आहे. खेळाचा मजकूर संगणक वाचवितो, हे खरे. परंतु त्याबरोबर येणारी बंदूक जुन्या चित्रनळीच्या पडद्यासमोरच नेम ओळखते. नव्या सपाट पडद्यासमोर ती आंधळी होते. यंत्र, पडदा आणि खोली मिळून जो अनुभव घडत होता, तो केवळ मजकुरात उतरत नाही. संग्रहालयातील अडकित्ता काचेआड राहूनही आपला उपयोग सांगतो. बंद पडलेला व्हिडिओ गेम काहीच सांगत नाही.

अखेर पुण्यातील एका वृद्ध कारागिराने भोंगवलीचे यंत्र उघडले. नियामक बदलला, तीन डाग नव्याने दिले, खाच साफ केली आणि चित्र आले. पण त्याहून मोलाची गोष्ट झाकण निघताच दिसली होती. पाटीवरील एक कंडेन्सर मूळचा नव्हता. तो टीव्ही संचात वापरतात त्या जातीचा होता, आणि त्याचे पाय वाकवून बसविलेले होते. पूर्वी कोणीतरी हे यंत्र एकदा वाचविले होते. कागदाच्या समासातील टिपणासारखी ही एका अज्ञात हाताची नोंद होय. दुरुस्त करणाऱ्याने ती आम्हांस दाखविली, आम्हांस ती आपण होऊन दिसली नसती.

यावरून कार्यपद्धतीविषयी काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. दुरुस्तीपूर्वी पाटीची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून जपावा, कारण दुरुस्ती हा साधनात केलेला फेरफारही असतो. आणि कारागिराची मुलाखत त्याच्या बाकाशीच, हाती यंत्र असताना घ्यावी. त्याचे ज्ञान पुष्कळ अंशी बोटांत असते, रिकाम्या हाताने ते सांगता येत नाही. तालुक्याच्या गावी असे कारागीर अजून भेटतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एका तालुक्याची जरी अशी नोंद केली, तरी ते भरीव कार्य ठरेल. भोंगवलीच्या यंत्रास वाचक भेटला, पण त्याच्या बाकाशेजारी शिकणारा कोणी नव्हता.