सैनिकाचं पेन्शन : ऋण की दान?

मागच्या वेळी आपण ‘ऋण’ या कल्पनेबद्दल बोललो. ऋण फेडणं आणि दान देणं यांत नेमका फरक काय, हा प्रश्न तेव्हा राहून गेला. नुसत्या व्याख्येने तो सुटत नाही. म्हणून आज आपण एका सैनिकाची हकीकत बघू.

जोसेफ प्लम्ब मार्टिन. जन्म १७६० चा, अमेरिकेतला. आईवडिलांपासून दूर, कनेटिकटमध्ये आजोबांच्या शेतावर वाढला. इंग्लंडविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं आणि १७७६ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, हा पोरगा सैन्यात दाखल झाला. पुढच्या वर्षी त्याने युद्ध संपेपर्यंतची भरती पत्करली. १७८१ च्या यॉर्कटाउनच्या वेढ्यात तो खंदक खणणाऱ्या तुकडीत सार्जंट होता.

लढायांपेक्षा त्याच्या आठवणींत भूक जास्त आहे. १७७७ साली सरकारने थँक्सगिव्हिंगचा सण साजरा करायचा ठरवलं. सैनिकांच्या वाट्याला काय आलं? मूठभर तांदूळ आणि चमचाभर व्हिनेगर. अंगावर धड कपडे नाहीत, पायांत जोडे नाहीत, आणि पगार मिळे तो अशा कागदी नोटांत, की ज्यांची किंमत महिन्यागणिक घसरत होती.

१७८३ मध्ये सैन्य मोडलं. थकलेल्या पगाराऐवजी हातात सरकारी रोखे पडले. ते वटणार कधी, कोणालाच माहीत नाही. घरी जाताना अंगावर बरे कपडे असावेत म्हणून मार्टिनने त्यांतले काही विकून टाकले. अधिकाऱ्यांना मात्र आधी तहहयात अर्धा पगार कबूल झाला होता, नंतर त्याच्या बदल्यात पाच वर्षांचा पूर्ण पगार ठरला. शिपायांना शंभर एकर जमिनीचं आश्वासन होतं. ती जमीन प्रत्यक्षात बहुतेकांच्या हाती लागलीच नाही, ही मार्टिनची कायमची तक्रार.

तो मेनमध्ये जाऊन वसला, शेती करू लागला. आणि इथे इतिहास फार विचित्र वागतो बघा. त्या जमिनीवर हक्क सांगत आला कोण, तर हेन्री नॉक्स. वॉशिंग्टनचा तोफखानाप्रमुख, देशाचा पहिला युद्धमंत्री. पत्नीच्या माहेरकडून आलेल्या हक्काने तो त्या मुलखाचा मालक ठरला. एकाच सैन्यातले दोघे, एक जमीनदार झाला आणि दुसरा त्याचा देणेकरी. मार्टिनला ते पैसे फेडता आले नाहीत. १८१८ पर्यंत सगळी जमीन गेली.

त्याच वर्षी काँग्रेसने पेन्शनचा कायदा केला. किमान नऊ महिने नियमित सैन्यात सेवा केलेली असावी आणि माणूस हलाखीत असावा. शिपायाला महिना आठ डॉलर, अधिकाऱ्याला वीसपर्यंत. हजारोंनी अर्ज केले, खर्च अंदाजाबाहेर गेला, ओरड झाली. मग १८२० च्या कायद्याने न्यायालयात उभं राहून मालमत्तेची यादी द्यायला लावली. शिवाय शपथ घ्यायची, की पेन्शनसाठी आपण मालमत्ता विकून वा कोणाला देऊन कमी केलेली नाही.

साठीला टेकलेला मार्टिन न्यायालयात उभा राहिला. यादी काय? अंथरूण आणि अंगावरचे कपडे सोडून दोन गायी, सहा मेंढ्या, एक डुक्कर. आपल्याच्याने काम होत नाही, बायको संधिवाताने आजारी, पदरात पाच मुलं, हे सगळं त्याने चारचौघांत सांगितलं. वर्षाला ९६ डॉलर मंजूर झाले.

सरकारची बाजूही आम्हाला दिसते. १८१९ च्या मंदीने तिजोरी आखडली होती आणि खाऊनपिऊन सुखी माणसंही अर्ज करतात, असा बोभाटा होता. पैसा जनतेचा, तेव्हा चौकशी हवीच. पण चौकशी कशाची? सेवा केली का, हे विचारणं रास्त. इथे तर धनको ऋणकोच्या दारात उभा आहे, आणि ऋणको त्यालाच विचारतोय, तुझ्याकडे मेंढ्या किती! देणेकऱ्याने असं विचारलं की ऋणाचं दान होतं, आणि घेणाऱ्याची मान खाली जाते. आम्ही स्वतः दरवर्षी पेन्शनसाठी हयातीचा दाखला देतो. जिवंत आहोत हे सांगताना लाज वाटत नाही. गरीब आहोत हे सिद्ध करावं लागलं असतं तर वाटली असती.

अमेरिकेला हे उमगायला वेळ लागला. १८३२ च्या कायद्याने गरिबीची अट गेली आणि सेवा हाच निकष उरला. तोवर युद्ध संपून जवळजवळ पन्नास वर्षं झाली होती. किती जण तोवर गेले असतील!

आपल्याकडेही १९७२ साली स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झालं, त्यात आझाद हिंद सेनेचे सैनिकही आले. पण वार्षिक उत्पन्न पाच हजार रुपयांच्या आत हवं, अशी अट होती. १९८० मध्ये ती काढली आणि योजनेच्या नावात ‘सन्मान’ हा शब्द घातला. अट गेली आणि सन्मान आला, हा क्रम लक्षात ठेवा.

मार्टिनने १८३० मध्ये आपल्या आठवणी नाव न घालता छापल्या. म्हाताऱ्या शिपायांना आठ डॉलर मिळतात म्हणून कुरकुरणाऱ्यांना त्यात त्याने चांगलंच सुनावलंय. पुस्तक फारसं खपलं नाही. १८५० मध्ये, एकोणनव्वदाव्या वर्षी तो वारला. आज त्या युद्धातल्या साध्या शिपायाचं जगणं समजून घ्यायचं तर इतिहासकार त्याच्याच पुस्तकाकडे वळतात. म्हणजे ऋण आणखी वाढलंच, नाही का?

पुढच्या वेळी आपण याच धाग्याने ‘हक्क’ या कल्पनेकडे जाऊ.