मोडलेला दात आणि पन्नाशीतला कामगार

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा यंत्र कोणी शोधले ते सांगतात. ते मोडल्यावर कोणी उभे केले, हे सांगण्याची चाल नाही. त्या दुसऱ्या इतिहासाचे एक पान आज आम्ही आपल्यापुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली नावाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. बागेची मशागत सोपी व्हावी म्हणून त्याने मोटरसायकलचे भाग जोडून एक यांत्रिक नांगर बनविला, 1916 साली त्याचे पेटंट मिळविले आणि 1922 साली डनबार गावी कारखाना काढला. हा बाग-ट्रॅक्टर मागून चालत हाकावयाचा. त्याचे वैशिष्ट्य असे की, इंजिनाची शक्ती पट्ट्याने नव्हे, तर गिअरांनी चाकापर्यंत पोचते. पट्टा घसरतो, गिअर घसरत नाही. म्हणून फाळ मुळाला अडला की धक्क्याचा मोठा वाटा दातांवर येतो, आणि जुन्या यंत्रात एखादे दिवशी दात मोडतो.

अशा वेळी चांगला फिटर प्रथम पेटीतले तेल काढतो, आणि ते फेकून देत नाही. फडक्यातून गाळून तुकडे जुळवून पाहतो. एक तुकडा जरी आत राहिला, तरी तो दोन चाकांच्या मध्ये सापडून दुसरा दात मोडतो. मग तो जोडीचे चाक, बेअरिंगे आणि आस तपासतो, कारण वाकड्या आसावर नवा दात टिकत नाही. मोडल्या जागी वेल्डिंगने धातू भरून कानशीने आकार देता येतो; पण त्या उष्णतेने शेजारच्या दातांचे पाणी उतरते. पक्के काम म्हणजे नवे चाक कापून त्याला पाणी देणे.

हे चाक मूळ कारखान्याच्या मदतीवाचून कापता येते, ह्यामागे मोठा इतिहास आहे. जुन्या चक्क्यांत लाकडी दात बसवीत. एक मोडला की कारागीर दुसरा ठोकी, पण तो त्याच चक्कीच्या मापाचा. 1864 साली जोसेफ ब्राउनने, धार लावली तरी आकार न बदलणारा कटर काढला. 1892 साली विल्फ्रेड लुइसने दात किती भार सोशील ह्याचे सूत्र मांडले. 1897 साली जर्मनीत हर्मान फाउटरने हॉबिंग यंत्राचे पेटंट घेतले. आता दातांची संख्या, व्यास, रुंदी आणि दाबकोन कळला की परमुलखातला कारागीरही तेच चाक पुन्हा घडवू शकतो. ह्यामुळे हातातली विद्या आकड्यांत गेली, असे काही जण म्हणतात. आम्हांस ते पटत नाही. झिजलेल्या दातावरून त्याचे मूळ माप ओळखणारी नजर कोणत्याही कोष्टकात मिळत नाही.

ह्या कथेचा दुसरा भाग आम्हां कामगारांचा आहे. 1960 साली स्टुडबेकर-पॅकार्ड ह्या मोटार कंपनीने ग्रेव्हलीचा कारखाना विकत घेतला. मोटारींचा धंदा खालावत होता, म्हणून कंपनी इतर धंद्यांत शिरत होती. 9 डिसेंबर 1963 रोजी तिने साउथ बेंड येथील मोटार कारखाना बंद करीत असल्याचे जाहीर केले. निवृत्तिवेतनाच्या निधीत पुरेसा पैसा नव्हता. साठी गाठलेल्या सुमारे 3,600 जणांना पूर्ण निवृत्तिवेतन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या सुमारे 4,000 जणांना त्यांच्या हक्काचे जेमतेम 15 टक्के मिळाले. उरलेल्या सुमारे 2,900 जणांना काहीच नाही. कंपनी बुडाली होती काय? मुळीच नाही. बाग-ट्रॅक्टरासह तिचे इतर धंदे चालूच होते. पण कामगारांचा दावा निधीत असलेल्या पैशापुरताच राहील, असे योजनेतच लिहिलेले होते.

आम्ही स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. त्या 4,000 जणांचा आकडा आम्हांस म्हणूनच परका वाटत नाही. बाजारात त्या वयाच्या माणसाला कोणी पुन्हा घडवीत नाही. 2 सप्टेंबर 1974 रोजी अमेरिकेत निवृत्तिवेतनाच्या हमीचा कायदा झाला, आणि त्यामागे साउथ बेंडचे उदाहरण होते. त्या कामगारांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

पुढे ग्रेव्हलीचा कारखाना डनबार सोडून नॉर्थ कॅरोलायनात गेला आणि 1982 साली एरियन्स कंपनीने तो धंदा घेतला. जुने ट्रॅक्टर आजही नव्या दातांवर चालताना दिसतात, कारण त्यांची मापे मोजून ठेवता आली. कामगाराच्या हक्काचेही तसेच मोजमाप हवे. निधी किती, देणे किती आणि तूट भरून काढण्याची जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न प्रत्येक युनियनने दरवर्षी विचारावेत. कारखाना चालू असतानाच विचारावेत. फाटकाला कुलूप लागल्यावर उत्तर देणारा कोणी समोर उभा राहत नाही.