गुण न दिसणारी गोळी : फुफ्फुसाच्या फायब्रोसिसवरच्या औषधाची गोष्ट

आपल्याकडं कुणी औषध सुरू केलं की चार दिवसांत विचारणा होते, "गुण आला का?" ताप उतरला, खोकला बसला, भूक लागली, म्हणजे गुण आला. आज ज्या गोळीचा इतिहास बघायचाय, तिच्या बाबतीत हा प्रश्न फसवा आहे. गोळी काम करत असते आणि पेशंटला फरक जाणवत नाही. मग ती काम करते हे कळलं कसं? पेट किंवा नेटची तयारी करताना 'कंट्रोल ग्रुप'ची व्याख्या आपण पाठ करतो. ती व्याख्या माणसाच्या जिवाशी किती जवळून जोडलेली आहे, हे या इतिहासातून कळतं.

आधी आजार समजून घेऊ. जखम भरली की कातडीवर वण राहतो. तसाच वण फुफ्फुसात, हवेच्या पिशव्यांमधल्या पातळ पडद्यात साठत गेला, तर फुफ्फुस कडक होतं आणि ऑक्सिजन रक्तात नीट पोचत नाही. जिना चढताना धाप लागते, कोरडा खोकला येतो. पाठीला नळी लावली तर वेल्क्रोची पट्टी ओढल्यासारखा आवाज येतो. कारण सापडत नसेल तर या आजाराला इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस, थोडक्यात आयपीएफ म्हणतात. औषधाविना निदानानंतर बहुतेकांच्या हातात तीन ते पाच वर्षं असायची. पडलेला वण पुसून टाकणारं औषध आजही नाही.

आजार किती वाढला हे मोजायला एफव्हीसी वापरतात. छातीभर श्वास घेऊन जोरात फुंकला की किती हवा बाहेर येते, तो आकडा. पन्नाशी-साठीच्या निरोगी माणसात तो वर्षाला साधारण २०-३० मिलीने उतरतो. आयपीएफमध्ये २०० मिलीच्या आसपास.

आधीचा उपाय: स्टेरॉइड

कित्येक वर्षं या आजारात स्टेरॉइड दिलं जायचं. आधी दाह होतो, मग वण पडतो, म्हणून दाह दाबा, असा विचार होता. त्यात स्टेरॉइडने भूक वाढते, तरतरी येते. म्हणजे 'गुण' दिसतो! पुढं त्याला अझाथायोप्रिनची जोड मिळाली. २००५ मध्ये युरोपातली एक चाचणी आली. तिच्यात दोन्ही गटांना स्टेरॉइड आणि अझाथायोप्रिन होतं, आणि एका गटाला वरून एन-ॲसिटिलसिस्टीन. तीन औषधांच्या गटात घसरण कमी दिसली, त्यामुळं तिन्ही औषधं एकत्र देण्याला बळ मिळालं.

इथं जरा थांबा. या चाचणीत काहीच औषध न घेणारा गट नव्हता. तुलनेचा गटच औषधामुळं खालावत असेल, तर दुसरा गट आपोआप चांगला दिसणार. हे तपासायला अमेरिकेत 'पँथर' चाचणी झाली. तिच्यात खरा प्लासिबो गट होता. ऑक्टोबर २०११ मध्ये ही तीन औषधं एकत्र देणं मध्येच थांबवावं लागलं. तिन्ही औषधं घेणाऱ्या ७७ जणांपैकी ८ दगावले होते, प्लासिबोच्या ७८ पैकी १. दवाखान्यात भरती झालेले अनुक्रमे २३ आणि ७. जगभर विश्वासाने दिला जाणारा उपाय पेशंटला नुसत्या साध्या गोळीपेक्षा धोक्याचा निघाला.

पिरफेनिडोन: हॅमस्टरपासून मुंबईपर्यंत

पिरफेनिडोन हा रेणू १९७० च्या दशकातला. अमेरिकेत सोलोमन मार्गोलिन यांनी तो दाह आणि वेदना कमी करण्यासाठी म्हणून पुढं आणला होता. वण रोखण्याचा त्याचा गुणधर्म नंतर ध्यानात आला. १९९५ मध्ये हॅमस्टरवरचा प्रयोग प्रसिद्ध झाला. ब्लिओमायसिन या कॅन्सरच्या औषधाने फुफ्फुसात वण पडतात, पण खाण्यातून पिरफेनिडोन दिलेल्या हॅमस्टरमध्ये ते कमी पडले. १९९९ मध्ये गणेश राघू आणि सहकाऱ्यांनी ५४ पेशंटवरचा अभ्यास मांडला. अनेकांची घसरण थांबल्यासारखी वाटली. पण इथंही तुलनेचा गट नव्हता, म्हणून ती आशा होती, पुरावा नव्हे.

जपानने २००८ मध्ये औषधाला परवानगी दिली. त्यानंतर 'कपॅसिटी' नावाच्या दोन चाचण्यांचे निकाल आले. एकीत ७२ आठवड्यांनी एफव्हीसीची सरासरी घसरण औषधाच्या गटात ८.० टक्के, प्लासिबोच्या १२.४ टक्के. दुसरीत ९.० आणि ९.६, म्हणजे फरक नसल्यासारखाच. औषध तेच, आजार तोच आणि निकाल दोन. सल्लागार समितीचं बहुमत बाजूने असूनही मे २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने परवानगी नाकारली आणि आणखी एक चाचणी मागितली.

त्याच २०१० मध्ये मुंबईच्या सिप्लाने 'पिरफेनेक्स' नावाने हे औषध भारतात आणलं. आपल्याकडं औषधाच्या रेणूवर पेटंट द्यायला २००५ पासून सुरुवात झाली. हा रेणू त्याच्या कितीतरी आधीचा, त्यामुळं इथं तो कुणाच्या एकट्याच्या मालकीचा नव्हता. अमेरिकेतल्या पेशंटला हीच गोळी मिळायला ऑक्टोबर २०१४ उजाडला. तिथली किंमत होती वर्षाला सुमारे ९४ हजार डॉलर.

मग बरोबर कोण, एफडीए की भारत? मला वाटतं प्रश्न असा सोडवता येत नाही. इथल्या पेशंटला चार वर्षं आधी औषध मिळालं, हे खरंच. पण ते काम करतं हे आज आपण ठामपणे म्हणतो, ते एफडीएने मागितलेल्या त्या जादा चाचणीमुळं. ५५५ पेशंटची ती 'असेंड' चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरात एफव्हीसी १० टक्के किंवा जास्त उतरणं, किंवा मृत्यू, हे औषधाच्या गटात १६.५ टक्के लोकांत घडलं आणि प्लासिबोच्या गटात ३१.८ टक्के. अजिबात घसरण न झालेले मात्र औषध घेऊनही २२.७ टक्केच (प्लासिबोत ९.७). म्हणजे औषध घेणाऱ्या बहुतेकांची तब्येत थोडीफार उतरलीच, फक्त सावकाश.

आता 'गुण आला का?' हा प्रश्न परत आठवा. घरच्यांना उतरलेली तब्येत दिसते. औषध नसतं तर ती किती उतरली असती, हे कुणालाच दिसत नाही. ते दिसायला शेजारी प्लासिबोचा गट लागतो.

आपल्याकडचा आजार वेगळा

२०१४ मध्येच निंटेडॅनिब ही दुसरी गोळी आली. तिच्या एका चाचणीत एफव्हीसीची वर्षाची घसरण सुमारे २४० मिलीवरून ११५ मिलीवर आली. पण या सगळ्या चाचण्या होत्या आयपीएफवर. आपल्याकडं फुफ्फुसात वण पडलेले लोक मुख्यतः आयपीएफचे असतात का?

२०१२ ते २०१५ मध्ये देशातल्या १९ शहरांतल्या २७ केंद्रांवर अशा प्रकारच्या आजारांच्या १,०८४ पेशंटची नोंद झाली. आयपीएफ निघाला १३.७ टक्के. तब्बल ४७.३ टक्के लोकांना होता हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे बुरशी, पारव्यांची विष्ठा-पिसं असलं काही श्वासातून वर्षानुवर्षं जाऊन होणारा आजार. त्यातल्या जवळपास निम्म्यांचा संबंध एअर कूलरशी आलेला होता.

मुरुड-लातूरच्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात घरोघर कूलर, आणि पाण्याची मारामार असल्यामुळं टाकीतलं पाणी बदलायचं कुणाच्या जिवावर येतं. गेल्या वर्षीचंच गवत यंदाही चालतं. कूलर म्हणजे आजार असं नोंदवहीने सिद्ध केलेलं नाही. ती संबंध दाखवते, कारण नव्हे. पण गवत बदलणं आणि टाकी कोरडी करणं याला गोळीइतका खर्च येत नाही.

या दुसऱ्या आजारांसाठी पुरावा आला २०१९ मध्ये. 'इनबिल्ड' चाचणीत आयपीएफ नसलेले, पण वण वाढतच असलेले ६६३ पेशंट होते. निंटेडॅनिबने वर्षाची घसरण १८७.८ वरून ८०.८ मिलीवर आणली.

यापुढचे प्रश्न आपल्या भागातले आहेत. पिरफेनिडोनने ऊन सोसत नाही, कातडी भाजल्यासारखी होते, भूक मरते. निंटेडॅनिबने जुलाब होतात. दोन्हींत लिव्हरची तपासणी करत राहावी लागते. एप्रिलच्या उन्हात रानात राबणारा माणूस दिवसातून तीनदा ही गोळी किती महिने घेईल? फरक जाणवत नाही, वर त्रास आणि दर महिन्याचा खर्च, मग तो डॉक्टरला न विचारता बंद करणार, हे उघड आहे. त्याला तुलनेच्या गटाची गोष्ट कुणी त्याच्या भाषेत सांगितली, तर तो निदान विचारून ठरवेल.

म्हणून पुढचा पेपर वाचताना औषधाच्या रकान्याआधी प्लासिबोचा रकाना वाचा. त्या गटाला नेमकं काय दिलं होतं, आणि त्यात आपल्यासारखी माणसं होती का, एवढं वहीत लिहून ठेवा. काही प्रश्न असतील तर खाली विचारा.