जखमेचा पुरावा

हेन्री जॉन्सन हे नाव आपल्यातल्या फार थोड्यांनी ऐकलं असेल. १९७२ साली आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या काळ्यांकडून पँथर हे नाव घेतलं. काळ्यांच्या कविता आपल्याकडे आल्या, भाषणं आली. त्यांच्या शिपायांची गोष्ट मात्र फारशी आली नाही. आपली बापजाद्यांची गोष्ट पलटणीतूनच सुरू होते, म्हणून ती सांगतो.

हा जॉन्सन न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी स्टेशनवर हमाल होता. गोऱ्यांच्या पेट्या उचलायचा. जून १९१७ मध्ये तो हार्लेमच्या काळ्या पलटणीत भरती झाला. ही पलटण १९१६ साली उभी राहिली. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात १९१३ ते १९१६ शिकत होते, त्याला लागूनच हार्लेम आहे.

पलटण फ्रान्सला गेली. तिथं गोऱ्या अमेरिकन शिपायांना यांच्या मांडीला मांडी लावून लढायचं नव्हतं. मग अमेरिकन सेनापतींनी ही आख्खी पलटण फ्रेंचांच्या हवाली केली. वर्दी अमेरिकेची, हेल्मेट आणि बंदूक फ्रेंचांची. विटाळ हा शब्द तिकडं नाही, विटाळ मात्र आहे.

१५ मे १९१८ ची रात्र. आरगॉनच्या जंगलाजवळ पहाऱ्यावर दोघं, जॉन्सन आणि नीडम रॉबर्ट्स. जर्मनांची टोळी चालून आली, कमीत कमी डझनभर माणसं. रॉबर्ट्स जबर जखमी होऊन पडला. जॉन्सननं हातबॉम्ब फेकले, ते संपले. बंदूक अडकली, तिचा दस्ता घालून हाणामारी केली. जर्मन रॉबर्ट्सला उचलून नेत होते. जॉन्सन सुरा घेऊन त्यांच्यावर तुटून पडला आणि त्यानं त्याला सोडवून आणलं. अंगावर २१ जखमा. फ्रेंचांनी त्याला आपलं क्र्वा द गेर हे शौर्यपदक दिलं. स्वतःच्या देशानं काही दिलं नाही.

नाही म्हणायला मिरवणूक दिली. १७ फेब्रुवारी १९१९ ला न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवर पलटण निघाली, जॉन्सन उघड्या मोटारीत उभा. सरकारनं त्याचं नाव बचतीची तिकिटं खपवायलाही वापरलं. आणि त्याच्या डिस्चार्जच्या कागदावर? एकाही जखमेची नोंद नाही. शरीरावर एकवीस, कागदावर शून्य. मला सगळ्यात जास्त खुपतं ते हे. शिवी देणारा गोरा समोर दिसतो, त्याच्याशी भांडता येतं. रकाना कोरा सोडणारा कारकून कुठं दिसतो?

जॉन्सन जुलै १९२९ मध्ये वारला. चाळिशीही गाठली नव्हती.

लढाईत जखमी झालेल्याला अमेरिकेत पर्पल हार्ट नावाचं पदक देतात, म्हणजे जांभळं हृदय. मूळ कल्पना वॉशिंग्टनची, १७८२ ची. पुढं ती विस्मरणात गेली. २२ फेब्रुवारी १९३२ ला जनरल मॅकआर्थरनं हे पदक पुन्हा सुरू केलं. पहिल्या महायुद्धातल्या शिपायांनाही ते मिळणार होतं, पण घरपोच नाही. अर्ज करायचा, जखमेची सरकारी नोंद दाखवायची. जॉन्सन तोवर मातीत गेलेला, आणि जिवंत असता तरी दाखवायला कागद कुठला आणला असता?

याच मॅकआर्थरचा आणखी एक पराक्रम बघा. महायुद्धातले जुने शिपाई आपला कबूल झालेला बोनस मागायला त्याच वर्षी राजधानीत जमले होते. काळे-गोरे एकाच तळावर, एकत्र. २८ जुलै १९३२ ला मॅकआर्थरनं त्यांच्यावर फौज घातली. त्यांच्या झोपड्या जळाल्या. फेब्रुवारीत पदक काढणारा आणि जुलैत झोपड्यांवर चाल करणारा माणूस एकच.

जॉन्सनसाठी मग दुसऱ्यांनी मागणी केली. ऑल्बनीतल्या जुन्या सैनिकांनी आणि नागरिकांनी वर्षानुवर्षं चिकाटी सोडली नाही. १९९६ साली, म्हणजे जखमा झाल्यावर ७८ वर्षांनी, त्याला पर्पल हार्ट मिळालं. २००२ साली त्याच्यावरचं पदक मिळालं. सगळ्यात वरचं मेडल ऑफ ऑनर काही मिळेना, त्या वेळचा पुरावा हवा म्हणून. या महायुद्धासाठी १९९१ पर्यंत एकाही काळ्या शिपायाला ते मिळालेलं नव्हतं. शेवटी सिनेटर शूमर यांच्या कचेरीतल्या माणसांना एक कागद सापडला. खुद्द सरसेनापती पर्शिंगनं त्या रात्रीनंतर थोड्याच दिवसांत जॉन्सनच्या लढाईचं वर्णन लिहून ठेवलं होतं. म्हणजे नोंद होती, सैन्याच्याच दप्तरात होती, कुणी उघडून बघितली नव्हती इतकंच! मुदत टळलेली, म्हणून काँग्रेसला कायद्यात खास तरतूद करावी लागली. २ जून २०१५ ला ओबामांनी ते पदक दिलं. घ्यायला रक्ताचं कुणी नव्हतं. न्यूयॉर्कच्या नॅशनल गार्डमधल्या एका सैनिकानं ते घेतलं.

ज्यांची नोंद झाली होती ते तरी सुटले का? १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या सरकारी दप्तरखान्याला आग लागली. १९१२ ते १९६० या काळात सैन्यातून सुटलेल्यांच्या शंभरातल्या ऐंशी फायली जळाल्या. त्यानंतर उशिरा पदक मागणाऱ्या म्हाताऱ्याला सोबतच्या शिपायाची साक्ष आण, दवाखान्याची चिठ्ठी आण, असं फिरावं लागलं. सोबतचा शिपाई मेलेला असला तर संपलंच.

आता आपल्याकडं या. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेत भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे अर्ज पाठवला : आम्हाला पलटणीत घ्या, पोलिसात घ्या. मागणारे कोण, तर ज्यांच्या बापजाद्यांनी रक्त सांडलं तेच. कोरेगावच्या खांबावर 'नाक' लावलेली नावं कोरलेली आहेत. कारकुनाला तो रकाना कोरा ठेवता आला नाही, दगड होता म्हणून. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब त्या खांबापाशी गेले ते उगाच नाही. तरी १९१७ ला लढाईच्या गरजेपुरती १११ महार पलटण काढली आणि १९२१ ला मोडली. पुन्हा उभी राहायला १९४१ उजाडलं.

आणि वस्तीत आपण अर्ज लिहून देतोच की. जातीच्या दाखल्याला १९५० च्या आधीचा पुरावा आण म्हणतात. ज्याच्या बापाला शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्यानं बापाचा शाळेचा दाखला आणायचा! सैन्यातून आलेला म्हातारा वस्तीत असेल तर त्याच्या पेटीतला कागद बघून घ्या रे. तारीख, पलटण, नंबर, जखम कुठं झाली, सगळं उतरवून ठेवा. तो जिवंत आहे तोवर.

जॉन्सनचं एक सांगायचं राहिलं. अमेरिकेत फोर्ट पोक नावाची छावणी होती, गुलामगिरीच्या बाजूनं लढलेल्या आणि स्वतः गुलाम बाळगणाऱ्या सेनापतीच्या नावाची. २०२३ साली ते नाव काढून तिला हेन्री जॉन्सनचं नाव दिलं. २०२५ साली ते पुसलं आणि छावणी परत फोर्ट पोक झाली. जुन्या पोकचं नाव कायद्यानं देता येत नव्हतं, म्हणून त्याच आडनावाचा दुसरा सेनापती शोधून काढला.