माशी, शिस्त आणि मळसूत्र : दख्खनी बंदुकीच्या परिभाषेत दिसणारा कारागीर

दख्खनच्या लष्करी इतिहासाची साधने विपुल आहेत. परंतु त्यांत बंदूक चालविणारा जितका दिसतो तितका ती घडविणारा दिसत नाही. बखरी, अखबार आणि दप्तरे यांत बंदुकांची संख्या येते, क्वचित किंमत येते, बंदूकच्यांचा रोजमुराही येतो. नळी कोणी ओढली, तिच्या तोंडाशी नेमाची खुंटी कोणी बसविली, नादुरुस्त झाली तेव्हा ती कोणाच्या ऐरणीवर गेली, याविषयी ही साधने बहुतेक मौन पाळतात. अशा ठिकाणी भाषा हेच एक साधन उरते. ते जपून वापरावे लागते हे खरे, पण टाकून देण्याजोगे ते नाही.

आजच्या बीड जिल्ह्याचा भूभाग या विचारासाठी विशेष सोयीचा आहे. धारूरचा किल्ला 1567 च्या सुमारास आदिलशाही सरदार किश्वरखान याने उभारला. पुढे तो निजामशाहीकडे गेला आणि 1631 साली मोगलांनी जिंकून त्याला फतेहाबाद असे नाव दिले. गोदाकाठच्या राक्षसभुवन येथे 10 ऑगस्ट 1763 रोजी माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामअलीच्या सैन्याचा पराभव केला व त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. जिल्ह्याच्या पश्चिम सीमेपलीकडे खर्डा येथे 11 मार्च 1795 रोजी जी लढाई झाली तिच्यात निजामाकडे रेमंडची, तर मराठ्यांकडे शिंद्यांची पेराँच्या हाताखालील कवायती पलटणे होती. पुढे अंबाजोगाईस, तेव्हाच्या मोमिनाबादेस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. जामगीची बंदूक, चकमकीची बंदूक आणि कारखान्यात तयार झालेली रायफल या तिन्ही अवस्था या एकाच टापूवरून गेल्या.

आता बंदुकीची मराठी परिभाषा पाहू. तिचे सरळ दोन वर्ग पडतात. पहिला वर्ग दरबारी व लष्करी व्यवहारातून आला. 'बंदूक' हा मूळचा अरबी शब्द. 'बुंदुक' म्हणजे एक प्रकारचे कवचीचे फळ, त्यावरून गोळी, आणि गोळीवरून ती फेकणारे हत्यार. 'तोफ' तुर्की. 'जामगी', 'कुंदा', 'गज', 'बार' हे फार्सी. 'दारू' हाही फार्सीच. त्याचा मूळ अर्थ औषध. औषधाची पूड, स्फोटाची पूड आणि मद्य हे तिन्ही अर्थ एका शब्दाने वाहावेत, हा भाषेचा विनोद मराठीने मुकाट्याने स्वीकारला आहे. 'काडतूस' आणि 'पिस्तूल' हे शब्द पोर्तुगीजांकडून आले. दुसऱ्या वर्गातील शब्द अगदी निराळे आहेत : नळी, कान, घोडा, माशी, खीळ, मळसूत्र. यांपैकी एकही शब्द दरबारातून आलेला नाही. हे घरातील, गोठ्यातील, शेतातील आणि भात्यापुढील शब्द आहेत.

ही वाटणी योगायोगाची म्हणता येणार नाही. जे शब्द हत्यार विकत घेण्याच्या, मोजण्याच्या, भरण्याच्या आणि हुकूम देण्याच्या कामी लागतात ते प्रायः परकीय. जे शब्द त्याचे अवयव जोडण्याच्या व दुरुस्त करण्याच्या कामी लागतात ते प्रायः देशी. रघुनाथपंडितांच्या राजव्यवहारकोशात स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे. पण यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणे हाच त्या कोशाचा उद्देश असल्यामुळे लोहाराच्या तोंडच्या देशी शब्दांची तेथे अपेक्षा धरणे व्यर्थ होय. माधव त्रिंबक पटवर्धनांचा 1925 चा फारसी-मराठी कोशही स्वभावतःच पहिल्या वर्गाचा कोश आहे. परिणाम असा झाला की, बंदुकीची परिभाषा सर्वस्वी परकीय आहे हा समज अभ्यासकांत रूढ झाला.

'माशी' या शब्दापाशी थोडे थांबणे इष्ट आहे. नळीच्या टोकावरील जी लहानशी खुंटी मागल्या खाचेतून पाहून लक्ष्याशी जुळवितात तिला मराठीत माशी म्हणतात. हिंदुस्थानीत तीच मक्खी. फार्सीत 'मगसक' म्हणजे लहान माशी हा शब्द याच अर्थी आहे आणि रशियन भाषेत 'मुश्का' या शब्दाचाही अर्थ तोच. उलट जर्मन लोक तिला 'कोर्न', म्हणजे दाणा, म्हणतात. नळीच्या टोकाशी काळा ठिपका दिसला की कोणालाही माशी बसल्याचा भास व्हावा, इतके हे रूपक सहज आहे. म्हणून या साम्यावरून कोणी कोणाचे अनुकरण केले हे ठरविणे धाडसाचे होईल. परंतु मराठी शब्द भाषांतरित आहे असे घटकाभर मानले, तरी ते भाषांतर दरबाराने केलेले नव्हे. दरबाराला फार्सी शब्द अडत नव्हता. हिंदुस्थानीत नेमाच्या खुणेसाठी 'दीदबान' हा भारदस्त शब्द होताच. 'माशी' म्हणण्याची गरज ज्याला रोज तो तुकडा चिमट्यात धरून नळीवर झाळावा लागे, त्याला होती.

हाच तुकडा कसा बसवीत हेही अर्थपूर्ण आहे. दख्खनी व उत्तर हिंदुस्थानी जामगी बंदुकांत माशी बहुधा नळीचाच भाग असे, अथवा पितळेची झाळ देऊन पक्की केलेली असे. नळी कुंद्याला चामडी वाद्या, तारा किंवा धातूची कडी यांनी आवळीत. काढता-घालता येणाऱ्या खिळी आणि मळसूत्रे यांचे काम फार थोडे. युरोपीय पद्धतीच्या बंदुकीत मात्र नळी, चाप आणि कुंदा हे सर्व आडव्या खिळींनी व मळसूत्रांनी जोडलेले असत. ईशापूरच्या कारखान्यात विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापासून ज्या ली-एन्फील्ड रायफली तयार होऊ लागल्या, त्यांतही माशीचा ठोकळा नळीवर चढवून चावी आणि आडवी खीळ यांनी अडकविलेला असे. एका परंपरेत माशी नळीशी एकजीव होती, दुसरीत ती सुटा भाग झाली. सुटा भाग म्हणजे सुटे कौशल्य. आणि सुटे कौशल्य कारखान्याला सोपे, गावच्या भात्याला अवघड.

मळसूत्राचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. बंदुकीच्या नळीचे मागचे तोंड बंद करणे ही बंदूक घडविणाऱ्याची खरी कसोटी. येथे जगातील एक प्रसिद्ध उदाहरण उपयोगी पडते. जपानच्या तानेगाशिमा बेटावर 1543 साली पोर्तुगीज बंदुका आल्या. 1606 साली लिहिल्या गेलेल्या 'तेप्पोकी' या वृत्तान्तानुसार तेथील लोहारांनी नळी हुबेहूब केली, पण तिचा तळ बंद करण्याची युक्ती त्यांना साधेना. पुढल्या वर्षी आलेल्या एका परदेशी लोहाराकडून ती शिकावी लागली. मुलगी देऊन लोहाराने ही विद्या मिळविली, ही पुढची कथा लोककथेच्या सदरात जाते. आश्चर्य असे की, मळसूत्राला जपानी भाषेत जो शब्द आहे, 'नेजी', तो पिळणे या अर्थाच्या अस्सल जपानी धातूपासून झाला आहे. विद्या परकीय, शब्द स्वकीय. यावरून एक सावधगिरी शिकावी लागते : देशी शब्दावरून देशी शोध सिद्ध होत नाही. देशी शब्दावरून एवढेच सिद्ध होते की ती वस्तू देशी हाताने हाताळली गेली आणि त्या हाताला तिचे नाव घ्यावे लागले.

'मळसूत्र' या शब्दाचे उत्तरपद 'सूत्र' आहे, आणि इंग्रजीतही आट्यांना सूत या अर्थाचाच शब्द लावतात. दांड्याभोवती तिरके गुंडाळलेले सूत ही कल्पना दोन्हीकडे एकच. दख्खनी लोहाराला ही तिरकी गुंडाळी परकी नव्हती. अबुल फज्लने ऐन-इ-अकबरीत नळी घडविण्याची जी रीत वर्णिली आहे तिच्यात लोखंडाची पट्टी कागदाच्या सुरळीप्रमाणे तिरकी गुंडाळून, तापवून, ठोकून एकजीव करतात. त्याच ग्रंथात एका बैलाच्या बळावर 16 नळ्या एकाच वेळी साफ करणारे चाकही आले आहे. श्रेय अर्थातच बादशहाला दिले आहे; तथापि अकबराच्या दरबारातील यांत्रिक कल्पनांशी ज्याचे नाव जोडले जाते तो फत्हुल्ला शिराझी 1583 च्या सुमारास विजापूरहून तिकडे गेला होता, हे विसरता येत नाही. आदिलशाहीतून नुकत्याच जिंकलेल्या गोव्याच्या बंदूक-कारागिरांना अल्बुकर्कने 1513 साली आपल्या राजाला लिहिताना बोहेमियाच्या कारागिरांच्या तोडीचे ठरविले होते. दख्खन हा केवळ बंदुका घेणारा प्रदेश नव्हता.

मग हा कारागीर मागे का पडला? पराभव हे उत्तर अपुरे आहे. दि बॉइनसाठी आग्र्यास सँगस्टर नावाचा स्कॉट गृहस्थ दहा रुपयांस एक या दराने उत्तम बंदुका करवून घेत असे. तेथे काम करणारे हात हिंदुस्थानीच होते. खरा फरक आट्यांत पडला. हाताने कानस चालवून कापलेले मळसूत्र ज्या भोकासाठी कापले त्यातच बसे. दुसऱ्या बंदुकीला ते निरुपयोगी. युरोपातही दीर्घकाळ हीच स्थिती होती. 1841 साली व्हिटवर्थने आट्यांचा कोन 55 अंश ठरवून मापे एकरूप करण्याची पद्धती मांडली, तेव्हापासून एका कारखान्यातील मळसूत्र दुसऱ्या कारखान्यातील भागात बसू लागले. घिसाडी आणि लोहार यांच्याजवळ कौशल्य होते, ठरीव माप नव्हते. त्यानंतर पुढच्या अवस्था झपाट्याने आल्या : पेचदार नळीची रायफल, धातूचे काडतूस, आणि नळीच्या तोंडावर बाहेरून आटे पाडून त्यावर उपकरण चढविण्याची रीत. हायरम पर्सी मॅक्सिमच्या आवाज दाबणाऱ्या नळकांड्याला 1909 साली पेटंट मिळाले ते याच रीतीचे फळ.

कायद्याने उरलेले काम केले. 1878 च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात हत्यार बाळगणे व घडविणे परवान्याखाली आणले. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते व सप्टेंबर 1948 पर्यंत राहिले. स्वतंत्र भारताच्या 1959 च्या कायद्यातील पाचवे कलम हत्यार घडविण्याबरोबरच त्याची दुरुस्ती व रूपांतर यांनाही परवाना आवश्यक ठरविते. सहावे कलम नळी आखूड करण्याविषयी आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख मात्र तेराव्या कलमात टिकून आहे. म्हणजे जी बंदूक गावच्या लोहाराला दुरुस्त करता आली असती तीच कायद्याने शेतकऱ्यासाठी राखली, आणि दुरुस्तीचा अधिकार लोहाराकडे ठेवला नाही. सार्वजनिक सुरक्षिततेच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. बीड जिल्ह्यातील शस्त्रपरवान्यांची 2025 साली जी फेरतपासणी झाली व पुष्कळ परवाने रद्द झाले, ती पाहता याविषयी शंका राहू नये. परंतु इतिहासकाराने त्याची किंमतही नोंदवावयास हवी. 'शिकलगार' हा शब्द अरबी 'सैकल', म्हणजे झिलई, यापासून झालेला. एके काळी तो शस्त्रागारातील मानाचा धंदा होता. आज त्या नावाच्या समाजाकडे अनेक ठिकाणी पोलिसी संशयाने पाहिले जाते. 'गावठी' हे विशेषणही असेच. वृत्तपत्रांतील 'गावठी पिस्तूल' या जोडशब्दात गाव हे कर्तृत्वाचे नव्हे, गुन्ह्याचे ठिकाण झाले आहे.

शब्दांचा प्रवास मात्र कायद्याने थांबत नाही. 'शिस्त' हा फार्सी शब्द. धनुर्धराच्या अंगठ्यावरील कवच, त्यावरून नेम. मराठीत 'शिस्त धरणे' म्हणजे बंदुकीचा नेम धरणे. मागील खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणणे ही ती शिस्त. तिच्यापासून रांगेची, कवायतीची आणि शेवटी वर्तनाची शिस्त, असा अर्थविकासाचा क्रम संभवतो. संस्कृत 'शिष्ट' शब्दाशी तिचे नाते जोडण्याचा मोह अनेकांना होतो. ध्वनीपेक्षा जुना प्रयोग प्रमाण मानला तर तो टिकत नाही. 'मळसूत्र' पाठ्यपुस्तकांत गेले आणि बोलण्यात त्याची जागा 'स्क्रू'ने घेतली. 'आटे' मात्र राहिले. मराठवाड्यात नळजोडणी करणारा कारागीर लोखंडी नळीच्या टोकावर आटे पाडतो तेव्हा तो तोच शब्द वापरतो. नळी तेवढी पाण्याची असते.