इंदूरच्या शेतात रुजलेले संख्याशास्त्र

होळकरशाहीचा इतिहास माळव्यातील आपल्या मराठी घरांतून आजही आवडीने सांगितला जातो. वाडे, छत्र्या आणि गाण्याच्या मैफली यांच्या आठवणींत एका शास्त्राची आठवण मात्र मागे पडली आहे. आम्हां स्नेहलतागंजकरांची नातवंडे विद्यापीठात संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकतात. नाणेफेक आणि फासे यांनी सुरू होणारा हा विषय त्यांना सर्वस्वी परका वाटतो. त्यातील एक प्रकरण याच शहरात लिहिले गेले, हे त्यांना आपणच सांगितले पाहिजे.

१९२४ साली होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' उभी राहिली. अल्बर्ट हॉवर्ड यांच्या कंपोस्ट खताच्या 'इंदूर पद्धती'ने तिला जगभर नाव मिळाले. ती पद्धत पाहण्यासाठी एप्रिल १९३५ मध्ये गांधीजी तेथे आले होते. त्याच सुमारास त्याच संस्थेत जोसेफ हचिन्सन आणि व्ही. जी. पानसे हे कापसावरील प्रयोगांची पद्धत घासूनपुसून पाहत होते. एका वाणाला अधिक कापूस आला, तर तो वाणाचा गुण की जमिनीच्या त्या तुकड्याचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी त्यावर मार्ग दाखविला होता. कोणत्या वाफ्यात कोणते वाण लावायचे हे संशोधकाने मर्जीने ठरवू नये, ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरावे. असे केले म्हणजे योगायोगाचा वाटा किती, याचाही हिशेब मांडता येतो.

या विचाराची खरी कसोटी पुढे लागली. पिकाचा अंदाज तेव्हा आणेवारीने होई. गावकामगार पीक डोळ्यांनी पाही आणि ते किती आणे आले हे सांगे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर धान्याचे खरे आकडे हा जीवनमरणाचा प्रश्न बनला. पानसे आणि आर. जे. कळमकर यांनी कापसासाठी, तर सातारा जिल्ह्यातील बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी धान्यपिकांसाठी निराळी पद्धत पुढे आणली. गावे आणि शेते यदृच्छेने निवडायची, ठरावीक तुकड्यातील पीक कापायचे आणि प्रत्यक्ष वजन करायचे.

तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्यात मोठा वाद झाला. बंगालमध्ये दोन-चार फूट त्रिज्येची वर्तुळे कापली जात. सुखात्मे यांनी १९४६ साली दाखवून दिले की, तुकडा फार लहान असला तर कापणारा हद्दीवरची रोपे नकळत आत घेतो आणि उत्पन्न फुगते. येथे विद्यार्थ्याने क्षणभर थांबावे. नमुने चौपट केले की योगायोगाची चूक निम्मी होते. परंतु एकाच बाजूला झुकलेली चूक हजार नमुन्यांनीही कमी होत नाही.

पुढे सुखात्मे यांच्यामागून पानसे दिल्लीच्या कृषी संशोधन परिषदेचे संख्याशास्त्रीय सल्लागार झाले. दोघांनी मिळून लिहिलेला, शेतीसंशोधकांसाठीच्या संख्याशास्त्रीय पद्धतींचा इंग्रजी ग्रंथ परिषदेने १९५४ साली प्रसिद्ध केला. कृषी महाविद्यालयांच्या कित्येक पिढ्या त्यावर घडल्या.

हा इतिहास केवळ अभिमानासाठी सांगण्याचा नाही. २०१६ साली सुरू झालेल्या पीकविमा योजनेत भरपाई मिळते ती मंडळाच्या किंवा पंचायतीच्या सरासरी उत्पन्नावरून. उपग्रह मदतीला आले, तरी पीककापणी प्रयोग सर्वत्र सुटलेला नाही. रस्त्यालगतचे सोयीचे शेत निवडले किंवा तुकड्याची दोरी सैल धरली, तर शेतकऱ्याचा हक्काचा पैसा जातो. वर्गात प्रमाणत्रुटीचे सूत्र पाठ करणाऱ्या मुलाला एवढे ठाऊक असावे. जुन्या संस्थेच्या जागेवर आज कृषी महाविद्यालय आहे. तेथे जाणाऱ्यांना कंपोस्टची कथा सांगितली जाते. तिच्याबरोबर पानशांचे नावही आपण घ्यावे, असे आम्हांस वाटते.